मागच्या बैठकीवरून

दुचाकीवर दोघे बसतात, पण प्रवास मात्र एकट्याचा समजला जातो. ‘तो गाडी घेऊन गोव्याला गेला’ असे आपण म्हणतो. त्याच्या पाठीशी, मांडीवर बॅग धरून, सहाशे किलोमीटर कोण बसले होते याची चौकशी कोणी करीत नाही. भाषेनेच त्या बिचारीची वासलात लावून टाकलेली आहे. ती ‘मागे बसते’ किंवा फार तर ‘डबलसीट जाते’. मी महाविद्यालयात मराठी शिकवीत असल्याने अशा शब्दांपाशी अडते. आणि गेली अठरा वर्षे मागेच बसत असल्याने इतरांपेक्षा जरा जास्त अडते.

पूर्वी असे नव्हते. कुरुक्षेत्रावरच्या त्या प्रसिद्ध रथात सारथी पुढे होता आणि रथी मागे. रथ दोन्ही सैन्यांच्या मध्ये नेऊन उभा कर, हा हुकूम मागच्याचा. सारथी साक्षात भगवंत, पण त्यानेही तो मुकाट्याने पाळला. तो बोलला, पुष्कळ बोलला, पण रथ सांगितल्या जागी उभा केल्यानंतर! पुढे काळ बदलला. वाहन चालविण्याचा परवाना देणाऱ्या सरकारी संकेतस्थळाचे नावही ‘सारथी’ असेच आहे. रथीसाठी मात्र सरकारने कोणतेही संकेतस्थळ काढलेले नाही. मागे बसायला परवाना लागत नाही, परीक्षा लागत नाही आणि, अनुभव असा की, संमतीही फारशी लागत नाही.

हे सारे आठवण्याचे कारण असे की, यंदाच्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघे परदेशी जाऊन तेथे भाड्याने मोटारसायकल घेऊन आठ दिवस हिंडणार आहोत. बेत अर्थातच आमच्या घरच्या सारथ्यांचा. एका रविवारी भेळभत्त्याची पुडी सोडता सोडता त्यांनी तो जाहीर केला. नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’ लिहिली, तीत टिळक केव्हा उठून कोठे चालते होतील याचा नेम नसे. आपल्याकडे घराबाहेर पडण्याचे निर्णय पुष्कळदा असेच होत आले आहेत. मी एवढेच म्हटले, “जाऊ या. पण बेत मी आखणार.” त्यांनी आनंदाने मान डोलावली. त्यांना वाटले, मी बॅगा भरण्याविषयी बोलते आहे.

प्रथम देश ठरवायचा. सारथ्यांच्या मनात व्हिएतनामच्या उत्तरेकडचे हा-जांगचे डोंगर होते. त्यांच्या कचेरीतले कोणीतरी तेथे जाऊन आले होते आणि छायाचित्रे दाखवून गेले होते. छायाचित्रे सुंदर होती, यात शंका नाही. पण तेथे वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. जन्मभर डावीकडून जाणाऱ्या माणसाने दरीच्या कडेने, मागे बायको बसवून, अचानक उजवीकडचे व्हावे, हे मला पटेना. शिवाय परवान्याची भानगड. आपल्याकडचे आंतरराष्ट्रीय वाहनचालक परवाने १९४९ च्या जिनिव्हा कराराप्रमाणे निघतात, तर व्हिएतनाम मानतो तो करार १९६८ चा, व्हिएन्नाचा. म्हणजे हातात परवाना असूनही माणूस तेथे बिनपरवान्याचाच ठरण्याचा धोका. दुकानदार गाडी देईल, त्याला भाड्याशी मतलब. पण अपघात झाला की विमा कंपनी पहिला प्रश्न परवान्याचाच विचारते.

भूतान आणि नेपाळ यांना आपला साधा परवानाही पुरतो. परंतु नोव्हेंबरात तेथल्या घाटांतली थंडी पुढे बसणाऱ्याला सोसते, कारण तो हातापायांनी काही करीत असतो. मागच्याने नुसते गोठायचे. असे एकेक देश नकाशावरून पुसत आम्ही थायलंडच्या उत्तरेला येऊन थांबलो. तेथे वाहने डावीकडून जातात, जिनिव्हा करारावरचा परवाना चालतो आणि नोव्हेंबर हा पाऊस संपून गारवा सुरू होण्याचा महिना. (फेब्रुवारीनंतर तिकडे शेते आणि राने पेटवितात, एप्रिलपर्यंत डोंगर धुरात बुडालेले असतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.) थायलंडने २०२४ च्या जुलैत भारतीयांना व्हिसावाचून साठ दिवस राहण्याची सवलत दिली, परंतु असे नियम पावसासारखे बदलतात, तेव्हा तिकिटे काढण्यापूर्वी पुन्हा पाहून घेतलेले बरे.

आमचा मार्ग चियांग माई शहरापासून निघून पाय, मे होंग सोन अशा गावांवरून वर्तुळाने परत येणारा. पूर्ण फेरी सुमारे सहाशे किलोमीटरची. या फेरीत १८६४ वळणे आहेत, असे तेथले लोक अभिमानाने सांगतात; नुसत्या चियांग माई ते पाय या रस्त्यावर ७६२. पायच्या बाजारात हा आकडा छापलेले सदरे मिळतात. सारथ्यांनी हे आकडे मला वाचून दाखविले, तेव्हा त्यांचा चेहरा पेढे वाटणाऱ्या माणसासारखा झाला होता. पुढे बसणाऱ्याला वळण म्हणजे पराक्रम. मागच्याला ते काय असते, याचा कोणी विचार केला आहे काय?

मी केला, आणि केवळ विचार करून थांबले नाही. श्रावणात आम्ही सप्तशृंगगडाची रंगीत तालीम घेतली. नाशिकहून दिंडोरी, वणी आणि नांदुरीहून वरचा घाट, असे हे साधारण साठ किलोमीटर. आजवर मी साडी नेसून, एका बाजूला पाय सोडून, घर ते कॉलेज एवढेच बसत आलेली. त्या बैठकीला आपल्या कायद्यानेही मान दिलेला आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत १२३ वा नियम आहे. त्यात मागच्या माणसासाठी हाताला धरायला कडी, पाय ठेवायला आधार आणि मागचे चाक निम्मे तरी झाकणारे संरक्षण सांगितले आहे, हेतू हा की बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत. हेच आपले साडीगार्ड. जगाच्या पाठीवर दुचाकीच्या इतिहासात आपली भर कोणती असे कोणी विचारले, तर मी हे नाव सांगेन. परदेशातल्या भाड्याच्या गाड्यांना ते नसते. म्हणून तेथे साडी नाही, ओढणी नाही, वाऱ्यावर उडेल असे काहीच नाही. पँट घालून दोन्ही बाजूंना पाय टाकून बसायचे.

त्या दिवशी मी हातातल्या घड्याळाकडे पाहून टिपणे ठेवली. पहिली पंचवीस मिनिटे मजेची. चाळिसाव्या मिनिटाला गुडघे बोलू लागले. पन्नासाव्याला कंबर. तासाभराने बाहेरचे जग दिसेनासे झाले आणि केवळ पुढच्या हेल्मेटचा मागचा भाग दिसू लागला. घाटात आणखी एक गोष्ट कळली. पुढचा माणूस हँडल धरून असतो, त्याला ब्रेक कधी लागणार हे आधी ठाऊक असते. मागच्याला ते लागल्यावर कळते. म्हणून मागच्याने डोळे मिटून बसू नये. वळण ज्या बाजूचे, त्या बाजूच्या खांद्यावरून पुढे पाहावे. म्हणजे शरीर आपोआप गाडीबरोबर कलते. घाबरून उलट्या बाजूला झुकणारा माणूस चालविणाऱ्याला पोत्यापेक्षा वाईट. ही विद्या मला त्या चढणीवर मिळाली आणि उतरताना पक्की झाली. खाली नांदुरीला चहा पिताना सारथी म्हणाले, “आज गाडी हलकी वाटली.” अठरा वर्षांत प्रथमच!

पण चाळीस मिनिटांचा आकडा मी सोडला नाही. सगळा बेत त्यावर उभा केला. दर चाळीस मिनिटांनी थांबायचे आणि दिवसाला फार तर एकशेतीस किलोमीटर. त्यांच्या कागदावर चार दिवसांत संपणारी फेरी सहा दिवसांवर गेली. पहिल्या दिवशी पाय, सुमारे एकशेतीस. दुसऱ्या दिवशी गाडीला विश्रांती. मग मे होंग सोन, एकशेदहाच्या आसपास. तेथे गावाच्या मध्यावर एक लहानसे तळे आणि त्याच्या काठी ब्रह्मी धाटणीची दोन विहारे जवळ जवळ उभी आहेत. त्या काठावर काहीही न करता एक दिवस बसायचे, असे मी कागदावर स्पष्ट लिहिले. ‘काहीही न करता’ या शब्दांखाली रेघ ओढली. तिथून पुढे मे सारियांगवरून आले तर शेवटचा टप्पा जवळजवळ एकशेनव्वद किलोमीटरचा होतो. तो मी कापला. त्याऐवजी खुन युआमपासून मे चेमकडे वळायचे. त्या वाटेवरच्या डोंगरउतारांवर नोव्हेंबरात रानटी सूर्यफुले फुलतात आणि सारा डोंगर पिवळा होतो. शेवटी दोई इंथानोन, थायलंडचे सर्वांत उंच शिखर, २५६५ मीटर. आपल्या कळसूबाईहून नऊशेवर मीटरने उंच. फुलांचा शोध मी लावला. पुढे बसणाऱ्याला फुले दिसतच नाहीत, त्याला रस्त्यावरची खडी दिसते.

आता कागदपत्रांचे. पेठ रोडवरच्या आरटीओत आंतरराष्ट्रीय परवाना मिळतो. शुल्क हजार रुपये, मुदत एक वर्षाची. त्यावर मोटारसायकलच्या वर्गापुढे शिक्का आहे ना, एवढे मात्र तेथल्या तेथे पाहावे. मोटारीचा शिक्का असून दुचाकीचा नसेल, तर परदेशात तो परवाना दुचाकीपुरता कोरा कागद. थायलंडमध्ये गाडीबरोबर सक्तीचा विमा असतो. त्यात जखमींच्या उपचाराची मर्यादित सोय होते, पण गाडी मोडली तर तिची भरपाई आपल्या खिशातून. प्रवासाचा विमा म्हणून वेगळा काढायचा, तर त्याची बारीक अक्षरे मोठ्याने वाचावीत. दुचाकी चालविणारा आणि मागे बसणारा, दोघांचाही उल्लेख आहे काय? इंजिनाच्या आकाराची मर्यादा घातली आहे काय? एका विमा कंपनीच्या दूरध्वनीवरच्या मुलीला मी विचारले, “मागे बसणारीला काही झाले तर?” ती म्हणाली, “मॅडम, गाडी कोण चालवणार आहे?” मी पुन्हा विचारले. तिने पुन्हा तेच विचारले. अखेर मी लेखी उत्तर मागविले, तेव्हा कोठे मागच्या बैठकीचे अस्तित्व त्या कंपनीच्या दप्तरी नोंदले गेले.

भाड्याच्या गाडीचा आमचा पूर्वीचा अनुभव गोव्याचा. आमच्या आजोबांच्या काळी तोही परदेशच होता. १९६१ च्या डिसेंबरपर्यंत तेथे पोर्तुगीजांचे राज्य. तेथे भाड्याच्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरे पिवळी असतात. पांढऱ्या पाटीची गाडी कोणी स्वस्तात देऊ करील तर ती घेऊ नये, कारण ती भाड्याने देण्याचा त्याला हक्कच नसतो. आणि गोव्यातच ते ‘पायलट’ही आहेत: मोटारसायकलवर मागे उतारू बसवून भाड्याने नेणारे. तिथे मागच्याला मान आहे. तो सांगेल तेथे गाडी थांबते, कारण पैसे तो देतो!

थायलंडमध्ये दुकानदार पुष्कळदा अनामत म्हणून पारपत्र मागतात. ते देऊ नये. रोख अनामत घेऊन पारपत्राची प्रत ठेवणारी दुकाने असतात, ती शोधावीत. गाडी ताब्यात घेताना प्रत्येक ओरखड्याचे छायाचित्र काढावे, दुकानदाराच्या देखत. लहान स्कूटर दिवसाला दोन-तीनशे बातला मिळते. एक बात म्हणजे अडीच-तीन रुपये धरा. मोठी मोटारसायकल हजाराच्या पुढे. सारथ्यांना पाचशे सी.सी.ची हवी आहे. माझे म्हणणे, सव्वाशेची स्कूटर दोन माणसे आणि सामान घेऊन त्या चढावर धापा टाकील हे खरे. पण मोठ्या गाडीची मागची बैठक पुष्कळदा पाटासारखी अरुंद आणि उंच असते. यावर तोडगा असा निघाला आहे की, दुकानात ते इंजिन पाहतील आणि मी मागे बसून पाहीन, अर्धा तास, शहराबाहेर. दोघांचेही समाधान झाल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. दोघांच्या वजनाप्रमाणे टायरमधली हवा आणि मागची स्प्रिंग जुळवून घ्यायची, हेही त्यांनी माझ्या वहीत स्वतःच्या अक्षरात लिहून दिले आहे.

हेल्मेटे मात्र घरची. दोन्ही. विमानात हातात धरून न्यावी लागली तरी चालेल. १५ ऑगस्ट २०२१ पासून नाशिकमध्ये हेल्मेट नसेल तर पेट्रोल नाही, अशी मोहीम निघाली होती. त्या दिवसांत पंपावर उभे राहून पाहिले, तर पुढच्यांच्या डोक्यांवर हेल्मेटे आणि मागच्यांच्या डोक्यांवर पदर, नाहीतर आकाश. कायद्याचे १२९ वे कलम दोघांनाही सारखेच लागू आहे, तरी आपण एकच डोके मोजतो. थायलंडचा कायदाही दोघांना हेल्मेट सांगतो. दुकानात फुकट मिळणारी हेल्मेटे बहुधा अंड्याच्या टरफलाइतकी जाड असतात.

येथवर सारे हसत-खेळत चालले होते. एका संध्याकाळी अकरावीत शिकणाऱ्या कन्येने अभ्यासातून मान वर न काढता विचारले, “आई, तुम्ही दोघं एकाच गाडीवर असणार ना?”

प्रश्नाचा रोख कळायला मला क्षणभर लागला. सासूबाईंना आधीच कळला होता. त्या हातातली वात वळायच्या थांबल्या. २०२२ साली आपल्या देशात रस्त्यांवर जी माणसे दगावली, त्यांतली शेकडा चव्वेचाळीस दुचाकीवरची होती. थायलंडमध्ये तर रस्त्यावर मरणाऱ्यांत दुचाकीवाल्यांचीच बहुसंख्या असते, असे जागतिक आरोग्य संघटनेचे अहवाल सांगतात. त्या ७६२ वळणांवर आई आणि वडील दोघेही एकाच सीटवर. पोर उगाच विचारीत नव्हती.

“मग नका जाऊ,” सासूबाई म्हणाल्या.

सारथी काही बोलले नाहीत. मी बोलले. मी म्हटले, आपण रोज कॉलेज रोडवरून जातोच. म्हटले खरे, पण ते उत्तर नव्हते, हे मला आणि त्या दोघींनाही कळत होते. रात्री आम्ही दोघे पुन्हा तो कागद घेऊन बसलो. तेव्हा जे ठरले ते असे: सूर्य मावळल्यावर गाडी चालवायची नाही. पावसात चालवायची नाही. मुक्कामाचे पैसे बुडाले तर बुडू द्यायचे. तेथे बीअर स्वस्त असते म्हणतात, ती गाडी परत केल्यावर. दोघांच्या विम्यांची, बँकेची, घराची कागदपत्रे एका पाकिटात घालून लोखंडी कपाटात ठेवायची आणि ते पाकीट माझ्या बहिणीला दाखवून ठेवायचे. आणि शेवटचे, म्हणजे माझ्या मते पहिले: मी खांद्यावर एकदा थोपटले की वेग कमी, दोनदा थोपटले की गाडी बाजूला घेऊन उभी करायची. का, ते विचारायचे नाही. उभी केल्यावर विचारायचे.

“आणि तू उगाच थोपटलंस तर?” ते म्हणाले.

“तरी उभी करायची.”

त्यांनी पुष्कळ वेळ विचार केला. इतका, की मला बरे वाटले. लगेच हो म्हणाले असते तर मी त्यावर विसंबले नसते. मग त्यांनी कागदाखाली सही केली. लग्नानंतर आम्ही दोघांनी मिळून सही केलेला हा दुसरा कागद. पहिला घराच्या कर्जाचा होता. दुसऱ्या दिवशी मी तो कन्येला वाचायला दिला. तिने तो दोनदा वाचला, शुद्धलेखनाची एक चूक काढली (त्यांची), आणि एक अट घातली.

सासूबाईंची समजूत पटली ती मात्र निराळ्याच वाटेने. कार्तिकातल्या पौर्णिमेला तिकडे ‘लोय क्राथोंग’ असतो. केळीच्या खांबाच्या चकतीवर पाने, फुले, मेणबत्ती आणि उदबत्ती मांडून लोक ती पाण्यात सोडतात. चियांग माईत त्याच सुमारास आकाशात दिवे सोडण्याचाही सण असतो. आपले आकाशकंदील दाराशी टांगलेले असतात, त्यांचे उडून जातात. आमची फेरी संपवून आम्ही चियांग माईला पोचू, तो दिवस त्याच पौर्णिमेच्या आसपासचा. हे ऐकून सासूबाई म्हणाल्या, “म्हणजे आपली त्रिपुरी पौर्णिमाच की!” त्या दरवर्षी रामकुंडावर द्रोणातला दिवा गोदावरीत सोडतात. यंदा कन्या त्यांना घेऊन जाईल. आमच्या नावाचा एक दिवा पिंग नदीत सोडायचा, असे त्यांनी बजावले आहे आणि वातींची एक पुडी माझ्या हवाली केली आहे. चिवडा आणि शंकरपाळे यांच्यापुढे सामानात जागा उरली तर, असे म्हणायची माझी छाती झाली नाही. दोघांत मिळून एकच पिशवी गाडीवर बांधायची आहे. बाकीचे सामान चियांग माईच्या मुक्कामावर ठेवून जायचे.

कन्येची अट अशी आहे: तिने आमच्या सर्व मुक्कामांची नावे एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून तो फ्रिजवर लावला आहे, आणि प्रत्येक नावापुढे ‘सहाच्या आत फोन’ असे लिहिले आहे. तेथले सहा वाजतात तेव्हा आपल्याकडे साडेचारच वाजलेले असतात. यातले कोणते सहा, यावर बापलेकींचा वाद चालू आहे.